उसना आंकडा आणि पंखाचा आकार

आमच्या घरीं भाताला पाणी किती घालावयाचें याचें एक माप ठरून गेलेलें होतें. एका वाटी तांदुळाला दोन वाट्या पाणी. आईनें तें आपल्या सासूकडून घेतलें होतें आणि सासूनें कोणाकडून घेतलें होतें, हें विचारण्याची कोणाला गरज भासली नव्हती. वर्षानुवर्षें भात मोकळा होत असे. एका वर्षीं दिवाळीनंतर नवा तांदूळ घरांत आला, त्यालाही तेंच माप लागलें, आणि पानांत भाताऐवजीं गिच्च गोळा पडला. त्या दिवशीं जेवतांना पुष्कळ खल झाला. कोणी वाण्याला दोष दिला, कोणी शेगडीला, कोणी भांड्याला. मापाकडे मात्र कोणी बोट दाखविलें नाहीं. तें आजीचें माप होतें.

यंत्रशास्त्राच्या इतिहासांतील अशाच एका मापाची हकीकत आज मला आपणांस सांगावयाची आहे. तेंही थोरामोठ्यांकडून आलेलें होतें. जवळजवळ दीडशें वर्षें तें बिनतक्रार वापरलें गेलें, आणि अखेर अशा ठिकाणीं फसलें कीं माणसानें हवेंत उडण्याच्या साऱ्या खटपटीवरच पाणी पडावें. तें कोणी व कसें पडूं दिलें नाहीं, आणि त्या भरांत एका मेलेल्या माणसावर भलताच ठपका कसा येऊं पाहत होता, हा या गोष्टीचा गाभा आहे.

प्रथम दोन शब्दांचा उलगडा करणें अवश्य आहे. निसर्गाचे नियम आपल्याला बहुधा प्रमाण सांगतात, प्रत्यक्ष आंकडा सांगत नाहींत. वाऱ्यासमोर एक फळी उभी धरली आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर फळीवरील दाब चौपट होतो, तिप्पट झाला तर नऊपट. हें प्रमाण झालें. पण ताशीं वीस मैल वेगाच्या वाऱ्यांत एक चौरस फूट फळीवर दाब किती पौंड, असा प्रश्न विचारला तर नुसत्या प्रमाणानें उत्तर मिळत नाहीं. वेगाचा वर्ग करून त्यास आणखी एका संख्येनें गुणावें लागतें. ही संख्या डोकें खाजवून सुचत नाहीं, प्रयोगानेंच हातीं येते. तिला गुणक म्हणतात. दुसरी गोष्ट आकाराच्या मापाची. दहा फूट लांब व दहा फूट रुंद असें एक जाजम घ्या, आणि पंगतीला अंथरतात तशी पन्नास फूट लांब व दोन फूट रुंद अशी एक पट्टी घ्या. दोहोंचें क्षेत्रफळ शंभर चौरस फूटच आहे, परंतु त्यांना एकसारखें कोण म्हणेल? लांबीला रुंदीनें भागलें तर जाजमाचा आंकडा एक येतो आणि पट्टीचा पंचवीस. या आंकड्याला फूट चिकटलेला नाहीं कीं पौंड चिकटलेला नाहीं. वस्तु केवढी आहे तें तो सांगत नाहीं, कशी आहे तेवढेंच सांगतो. पक्ष्याच्या किंवा विमानाच्या पंखाचा बांकही अशाच आंकड्यानें सांगतां येतो. धनुष्याच्या दोरीपासून कमान जितकी वर उचललेली असते, तितकी उंची दोरीच्या लांबीच्या कितव्या हिश्शाइतकी आहे, एवढेंच पाहावयाचें. पुढच्या गोष्टींत एक गुणक आहे आणि आकाराचीं हीं दोन मापें आहेत. एवढ्या सामग्रीवर आपलें काम भागेल.

जॉन स्मीटन हा अठराव्या शतकांतील इंग्लंडचा नामांकित स्थापत्यविशारद. प्लिमथसमोरील समुद्रांत एडिस्टनच्या खडकावर त्यानें बांधलेला दीपस्तंभ १७५९ सालीं प्रथम उजळला. त्याच वर्षीं त्यानें पाणचक्क्या व पवनचक्क्या यांवरील आपल्या प्रयोगांचा निबंध रॉयल सोसायटीपुढें ठेविला, आणि सोसायटीनें त्याला कोप्ली पदक दिलें. त्याचें उपकरण साधें पण मोठें नामी होतें. एक उभा खांब, त्याला आडवा दांडा, दांड्याच्या टोंकाला पवनचक्कीचीं लहानशीं शिडें. खांबाला दोरी गुंडाळून ती हातानें ओढली कीं दांडा गरगर फिरे. वारा शिडांवर येण्याऐवजीं शिडेंच स्थिर हवेंतून धांवत. ओढणाऱ्याचा हात एकसारखा चालावा म्हणून लंबकाच्या ठोक्यावर दोरी ओढावयाची. वाऱ्याची मर्जी सांभाळीत बसण्यापेक्षां वाराच आपल्या हातीं घ्यावा, ही बुद्धि त्यांत होती.

या निबंधांत वाऱ्याचा वेग व दाब यांचें एक कोष्टक आहे. तें स्मीटनचें स्वतःचें नव्हे. राउज नांवाच्या एका स्नेह्याकडून तें त्याला मिळालें होतें, आणि तसें त्यानें प्रामाणिकपणें नमूद केलें आहे. ताशीं एक मैल वेगाला एक चौरस फुटावर दाब ०.००५ पौंड, येथपासून तें सुरू होतें आणि ताशीं शंभर मैलांना सुमारें ४९ पौंड येथपर्यंत जातें. ताशीं पन्नास मैलांच्या पुढील आंकडे अलीकडच्या आंकड्यांइतके भरंवशाचे दिसत नाहींत, अशी सूचनाही स्मीटननें देऊन ठेविली आहे. पुढें काय झालें पाहा. कोष्टक राउजचें, पण आंकड्याला नांव पडलें ‘स्मीटनचा गुणक’. नांव मोठें असल्यामुळें आंकडाही मोठा मानाचा झाला. पाठ्यपुस्तकांतून तो पाठ्यपुस्तकांत गेला, एका पिढीच्या वहींतून दुसऱ्या पिढीच्या वहींत उतरला. ‘भरंवशाचे दिसत नाहींत’ ही सूचना मात्र वाटेंत कोठेंतरी गळून पडली. पवनचक्कीच्या कामीं त्यानें फारसें बिघडलें नाहीं. पवनचक्की जमिनीवर उभी असते. हिशेब थोडा चुकला तर दळण कमी निघतें, इतकेंच.

उडूं पाहणाऱ्या माणसाची गोष्ट निराळी. त्याचें सारें वजन त्या आंकड्यावर तोललेलें असतें.

जर्मनींतील ऑटो लिलिएंथाल हा असा पहिला माणूस, कीं ज्यानें आधीं मोजमाप केलें आणि मग पंख लावले. फिरत्या दांड्यावर आणि मोकळ्या वाऱ्यांत त्यानें वर्षानुवर्षें प्रयोग केले आणि १८८९ सालीं पक्ष्यांच्या उड्डाणावर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. सपाट फळीपेक्षां किंचित् बांक असलेला पंख कितीतरी अधिक उचल देतो, हें त्यानें आंकड्यांनीं दाखवून दिलें. पंख वाऱ्याशीं किती अंशांचा कोन करून धरला असतां किती उचल मिळते, याचें त्याचें कोष्टक पुढें उड्डाणाच्या नादीं लागलेल्या प्रत्येकाच्या हातीं आलें. १८९१ पासून तो स्वतः टेंकडीवरून पंखांवर तरंगूं लागला आणि पांच वर्षांत त्यानें सुमारें दोन हजार झेपा घेतल्या. ९ ऑगस्ट १८९६ रोजीं बर्लिनच्या वायव्येस गोलेनबर्ग येथें त्याचें ग्लायडर हवेंत थबकून खालीं आलें. दुसऱ्या दिवशीं तो मरण पावला.

त्याच्या मृत्यूची वार्ता अमेरिकेंत ओहायो प्रांतांतील डेटन गांवीं सायकलींचें दुकान चालविणाऱ्या दोन भावांनीं वाचली. विल्बर आणि ऑर्व्हिल राईट हीं नांवें आतां शाळेंतील मुलांनाही ठाऊक आहेत. परंतु त्यांची जी गोष्ट आपण ऐकतों ती बहुधा १७ डिसेंबर १९०३ या दिवसापाशीं सुरू होते. माझ्या मतें खरी गोष्ट दोन वर्षें आधींची आहे, आणि ती आकाशांत घडलेली नाहीं. ती सायकलींच्या दुकानाच्या माडीवर घडली.

या भावांनीं १९०० सालीं पहिलें ग्लायडर केलें आणि १९०१ सालीं दुसरें, त्याहून मोठें. अटलांटिकच्या कांठीं किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेंकड्यांवर तीं नेऊन उडविलीं. तेथें वारा पुष्कळ आणि पडलें तरी खालीं वाळू. दुसऱ्या ग्लायडरचे पंख २२ फूट लांब व ७ फूट रुंद होते, एकावर एक असे दोन, मिळून सुमारें २९० चौरस फूट. पंखाचा बांक लिलिएंथालप्रमाणें बाराव्या हिश्शाचा ठेविलेला होता. हिशेबाची रीत तीच. स्मीटनचा गुणक, त्यास पंखाच्या क्षेत्रफळानें गुणावयाचें, मग वाऱ्याच्या वेगाच्या वर्गानें, आणि शेवटीं लिलिएंथालच्या कोष्टकांतील आंकड्यानें. चार संख्यांचा गुणाकार. त्यांपैकीं क्षेत्रफळ त्यांनीं स्वतः मोजलें होतें, वारा वाऱ्याच्या मापकानें मोजला होता. उरलेल्या दोन संख्या उसन्या होत्या.

ग्लायडरला दोर बांधून, पतंगासारखें वाऱ्यावर धरून, स्प्रिंगच्या कांट्यानें त्याची ओढ मोजली, तेव्हां उचल हिशेबाच्या जेमतेम एकतृतीयांश भरली. बांक कमी करून पाहिला. ग्लायडर सांवरण्यास कांहींसें सोपें झालें, उचल कांहीं वाढेना. त्यांत त्या उन्हाळ्यांत किटी हॉकला डांसांनीं कहर केला होता. ऑगस्टमध्यें दोघे भाऊ घरीं परतले तेव्हां त्यांची उमेद पार खचलेली होती. आणखी पन्नास वर्षें तरी मनुष्य उडणार नाहीं, असें आपण १९०१ सालीं भावाला म्हणालों होतों, अशी कबुली विल्बरनें स्वतःच १९०८ सालीं फ्रान्समधील एका भाषणांत दिली.

येथें गोष्टीचा खरा पेंच आहे. हिशेब आणि अनुभव जुळत नाहीं. आतां चूक कोणाची? ऑक्टाव्ह शनूट या वृद्ध इंजिनियरनें विल्बरला शिकागोच्या इंजिनियरांपुढें भाषणास बोलाविलें. विल्बरचें मन नव्हतें. बहीण कॅथरीन हिनें आग्रह धरला म्हणून तो गेला. १८ सप्टेंबर १९०१ रोजीं दिलेल्या त्या भाषणांत त्यानें लिलिएंथालच्या कोष्टकावर शंका व्यक्त केली. शंका घेण्यास जागा होती, हें खरें. पण लिलिएंथाल मरून पांच वर्षें झालीं होतीं. उत्तर देण्यास तो नव्हता, आणि ज्याला जगांतील अभ्यासक गुरुस्थानीं मानीत होते त्याच्यावर चुकीचें मोजमाप केल्याचा आरोप डेटनचा एक सायकलवाला करीत होता.

इकडे घरीं ऑर्व्हिलला चैन पडेना. भाषण छापलें जाणार, आणि आपणच चुकत असलों तर? त्यानें मागाहून सांगितलें त्याप्रमाणें, खळीच्या एका रिकाम्या खोक्याचा दीड फूट लांबीचा बोगदा करून त्यांत वारा सोडून त्यानें एक दिवसभर पंखाचे नमुने तपासले. लिलिएंथाल वाटला होता तितका चुकलेला दिसेना. दोघांच्या विचारें छापावयाच्या भाषणांतून टीकेचा तिखट भाग काढून टाकण्यांत आला. मला या दोघांच्या साऱ्या चरित्रांत ही लहानशी गोष्ट फार मोलाची वाटते. आपण जाहीरपणें बोलून चुकलेला शब्द छापण्यापूर्वीं तपासून पाहणें, आणि तेंही एका परदेशस्थ मृताच्या नांवासाठीं, हें वाटतें तितकें सोपें नाहीं.

मग त्यांनीं सायकलीच्या पुढच्या बाजूस आणखी एक चाक आडवें बसविलें. त्याच्या धांवेवर एके ठिकाणीं बांकदार पंख आणि दुसऱ्या ठिकाणीं सपाट पट्टी, आणि सायकल भरधांव हांकावयाची. कोष्टकाप्रमाणें पंखाचा कोन पांच अंशांचा असतां दोहोंचा तोल सांधावयास हवा होता. प्रत्यक्षांत अठरा अंश लागले. फरक आहे हें ठरलें. पण रस्त्यावरचा वारा आणि सायकलस्वाराचे पाय यांवर नेमका आंकडा काढतां येईना. तेव्हां त्यांनीं नीट बोगदाच बांधला. लांकडी पेटी सहा फूट लांब, आंत सोळा इंच चौकोनी पोकळी, वरून पाहावयास कांच. एका तोंडाशीं पंखा, आणि तो पट्ट्यानें दुकानांतील फिरत्या दांड्याला जोडलेला. त्यांतून ताशीं सत्तावीस मैलांच्या आसपास वारा वाही. पोलादी पत्रा कापून, ठोकून, डांक देऊन आणि मेण चढवून त्यांनीं तळहातांत मावतील असे पंखांचे नमुने केले. सुमारें दोनशें आकार ओझरते तपासले आणि त्यांतील निवडक पन्नासेक अगदीं पद्धतशीर. चौकोनी, लांबट, टोंकदार, एकावर एक, एकामागें एक. प्रयोग चालू असतां खोलींतील मोठी वस्तु हालवावयाची नाहीं आणि माणसानें ठरल्या जागींच उभें राहावयाचें, हा दंडक असे. एवढ्यानेंही वाऱ्याचा प्रवाह बदलतो, हें त्यांच्या ध्यानीं आलें होतें.

या पेटींत त्यांनीं ठेविलेला कांटा करवतीच्या जुन्या पात्यांचा आणि सायकलीच्या तारांचा केलेला होता. दिसावयास ओबडधोबड, पण त्यामागची कल्पना पाहिली कीं मन थक्क होतें. वरच्या दांडीवर तपासावयाचा पंख, खालच्या दांडीवर वाऱ्यासमोर उभ्या केलेल्या लहान सपाट पट्ट्या. वारा सुटला कीं पंखाची उचल कांट्याला एकीकडे खेंची आणि पट्ट्यांवरील दाब दुसरीकडे. कांटा जेथें थांबेल त्या कोनावरून दोहोंचें प्रमाण निघे. वारा दोहोंवर एकच असल्यामुळें तो पंचवीस मैलांचा कीं सत्तावीस मैलांचा, हा प्रश्न उरतच नाहीं. आणि अधिक महत्त्वाचें असें कीं स्मीटनचा गुणकही या हिशेबांत येत नाहीं. तागडीच्या दोन पारड्यांत जसा माल व वजन, तसे पंख व पट्टी. उसना आंकडा त्यांनीं आपल्या मोजमापाच्या बाहेरच उभा केला. पुढें पतंगासारख्या धरलेल्या त्या फसलेल्या ग्लायडरच्याच नोंदींवरून त्यांनीं गुणक उलटा काढला. तो निघाला सुमारें ०.००३३. म्हणजे दीडशें वर्षें चाललेला आंकडा दीडपटीनें मोठा होता. ताशीं वीस मैल वाऱ्यांत जेथें दोन पौंडांची अपेक्षा ठेवावी तेथें प्रत्यक्षांत सव्वा पौंडाहून थोडेंसेंच अधिक मिळणार. अमेरिकेंतच सॅम्युएल लँग्ले या शास्त्रज्ञानें मोठ्या फिरत्या दांड्यावरील प्रयोगांवरून १८९१ सालींच हा गुणक बराच लहान असल्याचें प्रसिद्ध केलें होतें. जुन्या आंकड्याचा दरारा एवढा, कीं तरीही तो अनेकांच्या वहींत तसाच राहिला.

पण गुणकानें सगळी तूट भरून येत नव्हती. उरलेल्या तुटीचें कारण आकारांत सांपडलें. लिलिएंथालच्या पंखाच्या आकाराचाच एक नमुना त्यांनीं पेटींत तपासला आणि त्याचे आंकडे लिलिएंथालच्या कोष्टकाशीं बऱ्याच अंशीं जुळले. कोष्टक खोटें नव्हतें. तें एका विशिष्ट पंखाचें होतें. लिलिएंथालचा पंख लांबट, टोंकाकडे निमुळता. त्याच्या लांबी-रुंदीचा आंकडा साडेसहाच्या जवळ. राईट बंधूंच्या ग्लायडरचा आंकडा जेमतेम सव्वातीन. क्षेत्रफळ तेवढेंच धरलें तरी पंख आखूड आणि रुंद झाला कीं तीच उचल मिळत नाहीं, हें पेटीनें त्यांना पुनःपुन्हा दाखविलें. बांकाचीही तीच कथा. बाराव्या हिश्शापेक्षां विसाव्या हिश्शाचा उथळ बांक असलेला, सहास एक प्रमाणाचा नमुना सर्वांत सरस ठरला. नव्या तांदुळाला जुन्या तांदुळाचें माप लागलें होतें. माप देणाऱ्याचा त्यांत दोष नव्हता.

लांब आणि अरुंद पंख चांगला, हें त्यापूर्वीं कोणी म्हटलेंच नव्हतें असें नाहीं. फ्रान्सिस वेनहॅम या इंग्रज इंजिनियरनें १८६६ सालींच तें मांडलें होतें. कारण मात्र पुढें उलगडलें. पंखाच्या खालीं हवेचा दाब अधिक आणि वर कमी. टोंकाशीं अडवणारें कांहीं नसल्यामुळें खालची हवा वळसा घेऊन वर चढते आणि मागें भोंवरे सुटतात. त्यांत उचलीचा कांहीं भाग फुकट जातो आणि पंखाला मागें ओढणारा विरोध वाढतो. पंख जितका आखूड तितका सबंध पंख टोंकाच्याच जवळ, म्हणून नुकसान अधिक. इंग्लंडांत लँचेस्टरनें १९०७ सालीं ही दिशा दाखविली आणि जर्मनींत गटिंगन येथें लुडविग प्रांटल यानें पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तिचें गणित बसविलें. सायकलींच्या दुकानांतील दोन भावांना हें गणित ठाऊक नव्हतें. त्यांच्यापाशीं नुसते आंकडे होते. पण ते स्वतःचे होते.

उसन्या आंकड्याचा हा प्रकार विमानांपुरता नाहीं, आणि त्याचें एक उदाहरण आपल्याच देशांतील आहे म्हणून थोडें वाटेबाहेर जातों. गाळानें भरूंही नये आणि कांठ-तळ खरवडलेही जाऊं नयेत, असा कालव्याच्या पाण्याचा वेग किती असावा, याचें सूत्र केनेडी या इंजिनियरनें १८९५ सालीं पंजाबांतील अप्पर बारी दुआब कालव्याच्या निरीक्षणावरून बसविलें. सूत्र उत्तम होतें, पण तें त्या कालव्याच्या गाळाचें होतें. सिंधूच्या बारीक गाळाला तोच आंकडा लावून कसें चालणार? म्हणून सूत्राला दुरुस्तीचा आणखी एक गुणक जोडावा लागला. पुढें १९३० च्या सुमारास लेसी यानें गाळाच्या कणांच्या जाडीवरूनच गुणक काढण्याची रीत घालून दिली. येथें कोणी आकाशांतून पडत नाहीं. कालवा हळूहळू गाळानें भरतो, आणि सर्वांत शेवटच्या शेतकऱ्याच्या पाटाला पाणी पोंचत नाहीं.

आतां पुन्हा डेटनला जाऊं. डिसेंबर १९०१ मध्यें सायकली बांधण्याचा हंगाम जवळ आला म्हणून भावांनीं प्रयोग आटोपते घेतले. धंदा सोडून चालण्यासारखें नव्हतें. पुढच्या वर्षींचें ग्लायडर पेटीच्या आंकड्यांवर बेतलें. पंख ३२ फूट लांब, ५ फूट रुंद, म्हणजे प्रमाण सहाच्या वर गेलेलें, आणि बांक बराच उथळ. एकूण क्षेत्रफळ ३०५ चौरस फूट, मागच्यापेक्षां फारसें अधिक नव्हेच. जवळजवळ तेवढेंच कापड, तेच दोघे भाऊ, तीच टेंकडी. पण १९०२ च्या शरदांत त्यावरून सातशेंहून अधिक झेपा झाल्या आणि सर्वांत लांब झेप सहाशें फुटांच्या पुढें गेली. हिशेब आणि अनुभव प्रथमच एकमेकांशीं बोलूं लागले. १९०३ चें एंजिनाचें विमान त्याच आंकड्यांवर बांधलें, आणि १७ डिसेंबरला पहिलें उड्डाण बारा सेकंदांचें व १२० फुटांचें, तर त्या दिवसाचें शेवटचें ५९ सेकंदांचें व ८५२ फुटांचें झालें. त्या अगोदर नऊच दिवस लँग्लेचें मोठें विमान पोटोमॅक नदींत दुसऱ्यांदा कोसळलें होतें. गुणक ज्याच्यापाशीं आधींपासून बरोबर होता त्याचेंच विमान पडलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे एक बरोबर आंकडा हातीं आला कीं काम झालें, असा समज कोणी करून घेणार नाहीं. लहान नमुना उडाला म्हणून तोच चौपट मोठा करून उडत नाहीं. लांबी-रुंदी चौपट झाली तर पंखाचें क्षेत्रफळ सोळापट होतें, आणि तोच माल व तीच घडण ठेविली तर वजन चौसष्टपट. पण तो निराळ्या भाषणाचा विषय आहे.

पेटींतील मोजमापांचीं कोष्टकें भावांनीं शनूटला दाखविलीं, पण सर्वांसमोर तीं पुरतेपणीं आलीं तीं १९५३ सालीं, त्यांचे कागदपत्र ग्रंथरूपानें छापले गेले तेव्हां. स्मीटनचा गुणक तोंवर कालबाह्य झालेला होता. आज अभियंते हवेची घनता निराळी धरतात आणि आकाराचा गुणक निराळा मोजतात, त्यामुळें एका आंकड्यांत दहा गोष्टी लपून राहत नाहींत.

आणि लिलिएंथाल? त्याच्या कोष्टकावर विल्बरनें शिकागोंत जी शंका घेतली होती ती त्यानें पेटीच्या प्रयोगांनंतर शनूटला लिहिलेल्या पत्रांत स्वतःच मागें घेतली. एवढ्यावरही भागलें असतें. ३० मे १९१२ रोजीं विषमज्वरानें विल्बरचा अंत झाला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत अमेरिकेच्या एअरो क्लबच्या पत्रिकेंत त्यानें लिहून ठेविलेला एक लेख प्रसिद्ध झाला. मथळा नुसता लिलिएंथालच्या नांवाचा होता, आणि एकोणिसाव्या शतकांत उड्डाणाच्या प्रश्नाला हात घालणाऱ्या सर्वांत त्याला त्यानें पहिलें स्थान दिलेलें होतें.